माइतो खाल्ल्यानंतर

अवातिऊच्या धक्क्यावर मी बर्फ विकते.
पहाटे चारला पत्र्याचं दार उघडायचं,
टोच्याने लादी फोडायची,
मच्छीमारांच्या पेट्यांत फावड्याने ओतायची.
अकरा वर्षं. हातमोजे कधी घातले नाहीत.
बर्फाचं आणि माझं जमलेलं होतं.

शनिवारी रात्री मोकोरोआने भाल्याने माइतो मारला,
काळपट, तळहाताएवढा,
वादळात मेलेल्या पोवळ्यांवर जे शेवाळ धरतं
ते चरणारा.
सासूबाईंनी नेहमीची परीक्षा घेतली:
माशी बसली. नाणं काळं पडलं नाही.
पहिला तुकडा मांजराला; ते मिशा चाटत झोपलं.
नारळाच्या दुधात शिजवला. चव छान होती.
हे मी डॉक्टरलाही सांगितलं, चव छान होती,
तिने ते लिहून घेतलं नाही.

रात्री ओठांना मुंग्या.
मग ओकाऱ्या, त्यांचं सोडा.
दात हिरड्यांत सैल झाल्यासारखे;
जिभेने एकेक मोजले, होते सगळे.
उजाडताना मांजर मागचे पाय ओढत अंगणात फिरत होतं
आणि मी नळाखाली हात धरला
आणि किंचाळले.

पाणी गार होतं.
डोळ्यांना दिसत होतं, वाफ नव्हती.
एकटे हातच म्हणत होते: उकळतंय.

नर्सने विचारलं, एक ते दहात किती दुखतं?
म्हटलं, बाई, आकड्याची तक्रार नाही.
सात लिही, आठ लिही.
तक्रार नावाची आहे.
कुणीतरी आत शिरून
डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्यात.
ती हसायला आली, मग नाही हसली.
मासा नको, दारू नको, शेंगदाणे नकोत.
किती दिवस?
तिने खिडकीबाहेर पाहिलं.

आठवड्याने धक्क्यावर गेले. दुसरं कोण जाणार?
लादीला बोट लावलं: निखारा.
बोट उलटंसुलटं करून पाहिलं,
फोड नाही, लाली नाही.
घरचे लोकरी मोजे चढवले, त्यावर मोकोरोआचे रबरी,
आणि पोरं ओरडली,
तेरेआपी आजीला बर्फ भाजतो!
भाजतो, म्हटलं. पैसे टाका.

महिनाभर शहाळ्याचं पाणी फुंकून प्यायले.
नातीला न्हाऊ घालायची तर
आधी सुनेला हाक: पाणी कसं आहे, सांग.
जन्मभर ज्याच्या शब्दावर घर चाललं
तो तळहातच फितूर;
त्याच्या साक्षीवर लेकराला टबात कसं सोडू?

मोकोरोआने तोच मासा खाल्ला,
माझ्यापेक्षा दोन तुकडे जास्त.
त्याचं एक दिवस पोट बिघडलं, बस.
हे त्याला स्वतःचं स्वतःलाच माफ करता येईना.
रात्री खडकांवरून परतला की
ओले हात माझ्या पाठीवर ठेवायची त्याची तीस वर्षांची खोड.
त्या महिन्यात एकदा ठेवले,
माझं कोपर त्याच्या नाकावर बसलं.
तेव्हापासून तो आधी स्वयंपाकघरात बसतो.
अंधारात मला ऐकू येतं:
किटली, कप, खुर्चीचा पाय.
कपाला दोन्ही तळवे लावून तो थांबतो.
मग येतो.

ऑगस्टात एका पहाटे लादी फोडताना
बर्फाचा एक चुरा मनगटावर उडाला
आणि गार लागला.
नुसता गार.
मी दोन्ही मोजे ओढून काढले, मूठ भरली,
बोटं बधिर होईस्तोवर धरली,
धक्क्यावर कुणी नाही बघून
चाटलीसुद्धा.

मोकोरोआला अजून सांगितलेलं नाही.
काल रात्रीही किटली वाजली.
चहा तो पीतच नाही, सकाळी कप तसाच
साय धरलेला असतो.
मी भिंतीकडे तोंड करून पडते,
पाठ उघडी ठेवून.